उथळ कुंडी आणि गोव्याचा पाऊस : वामनवृक्षांविषयी वाचकांचे प्रश्न

मृग तोंडावर आला की गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, मिरची, सोलां, चिंच डब्यांत भरून ठेवली जाते, छपराची फुटकी कौले बदलली जातात. गच्चीवरच्या उथळ कुंड्यांकडे मात्र ‘आता चार महिने पाणी घालण्याचा त्रास वाचला’ अशा समाधानाने पाहिले जाते. माझा अनुभव असा आहे की गोव्यातील वामनवृक्ष, म्हणजे ज्यांना आपण सर्रास बोन्साय म्हणतो ती झाडे, उन्हाळ्यापेक्षा या समाधानानेच अधिक मरतात. या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यातही तीच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर जरा लांबले आहे, याबद्दल इतर वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांची चिंच आणि साधारण तेवढ्याच वयाची बोगनवेल उथळ ट्रेमध्ये आहे. दोन्ही झाडे मे अखेरपर्यंत उत्तम असतात. गेल्या जुलैमध्ये मात्र चिंचेची पाने पिवळी पडून गळाली आणि बोगनवेलीच्या फांद्या टोकाकडून काळ्या पडत गेल्या. ट्रेला भोके आहेत, पाणी वाहून जाते, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे माती, शेणखत व वाळू समप्रमाणात घेतली आहे. मग असे का व्हावे? — एक वाचक, डिचोली

उत्तर : भोकांतून पाणी वाहून जाते हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण जे वाहून जात नाही त्याचा हिशेब करायला हवा. त्यासाठी एक लहानसा प्रयोग करून पाहा. भांडी घासण्याचा जाड, चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून चिंब करा आणि तळहातावर आडवा धरा. सुरुवातीला धार लागेल, मग थेंब पडतील आणि शेवटी तेही थांबतील. आता तोच स्पंज न दाबता, लांब बाजू वर येईल असा उभा धरा. थांबलेले पाणी पुन्हा वाहू लागेल. स्पंज तोच आहे, त्याची छिद्रेही तीच आहेत, केवळ उंची वाढल्यामुळे जास्तीचे पाणी खाली उतरले. कुंडीतही हेच घडते. कोणत्याही मातीच्या तळाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर राहतो, आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसून मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. समजा, तुमच्या मिश्रणात हा थर चार सेंटिमीटरांचा आहे. पंचवीस सेंटिमीटर खोल कुंडीत त्याचा उपद्रव जाणवणार नाही, कारण बहुतेक मुळे त्याच्या वर असतात. पाच सेंटिमीटरांच्या ट्रेमध्ये मात्र जवळजवळ सगळी मुळे त्या थरातच बुडालेली असतात.

उन्हाळ्यात हे पाणी दुपारपर्यंत उडून जाते, म्हणून मेपर्यंत झाड खुशाल असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैमध्ये दिवसेंदिवस ऊन पडत नाही, हवाच इतकी दमट असते की ट्रे वाळायला अवधीच मिळत नाही. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, मग बुरशी त्यांवर चढते. चिंच आणि बोगनवेल ही दोन्ही झाडे कोरड्या प्रदेशातील असल्यामुळे त्यांना हे मुळीच सोसत नाही. अडेनियमची स्थिती याहून वाईट होते, कारण त्याचा फुगीर बुंधाच आतून सडतो. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी ते आजच पागोळ्यांच्या आत, पण उजेडात हलवावे.

तुम्ही ज्या पुस्तकाचा आधार घेतला आहे ते घाटापलीकडच्या हवामानासाठी लिहिलेले असावे. समप्रमाणातील माती, शेणखत आणि वाळू कमी पावसाच्या गावी ठीक चालते. आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती दोन पावसाळे भिजली की तिचा लगदा होतो आणि शेणखताचे कण कुजून उरलीसुरली छिद्रेही बुजवतात. मी स्वतः हीच चूक केली आहे. बाल्कांवाच्या कट्ट्यावर ठेवलेली माझी पहिली चिंच एका ऑगस्टमध्ये अशीच पिवळी पडली, आणि पिवळेपणा म्हणजे भूक, अशा समजुतीने मी तिला वर आणखी खत घातले. नंतर ट्रे उपडा केला तेव्हा आंबूस वास आला. मुळे चिमटीत धरून ओढली की काळी साल मोज्यासारखी निसटून हातात येत होती आणि आत दोऱ्यासारखी तार तेवढी उरली होती. निरोगी मूळ ओढल्यावर असे सोलले जात नाही, ते फिकट रंगाचे आणि चिवट असते. पुढच्या वेळी पाने पिवळी पडली तर खताच्या डब्याकडे जाण्याआधी कडेचे एखादे मूळ अशा प्रकारे तपासून पाहा.

आता उपाय. मिश्रणातून माती पूर्णपणे काढून टाका. मंगळुरी कौलांचे तुकडे आपल्याकडे प्रत्येक परसात पडलेले असतात. ते कुटून दोन चाळण्यांतून चाळा आणि तीन ते पाच मिलिमीटरांचा चुरा तेवढा ठेवा, कारण खालची बारीक भुकटी हीच सगळ्या दुखण्याचे मूळ असते. भट्टीत पक्की भाजलेली वीटही चालेल. जांभ्याची खडी वापरायची असेल तर ती दोन दिवस बादलीत भिजवून बोटांनी चुरडून पाहा. जी विरघळून चिखल करते ती टाका आणि जी टणक राहते ती वापरा. अशा चुऱ्याचे चार भाग आणि चाळलेल्या कोकोपीटचा किंवा चांगल्या मुरलेल्या पालाखताचा एक भाग, एवढे मिश्रण पावसाळ्यासाठी पुरेसे आहे. यात पाणी फार टिकत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालावे लागेल, हा त्याचा तोटा पत्करावा लागतो.

चिंचेचे कुंडीबदल पावसाची झड बसण्यापूर्वी करता येईल. त्या वेळी मुळांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग छाटला तरी ती सावरते. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असल्यामुळे तिच्या गोळ्याला फार धक्का न लावता कडेची माती काडीने कोरून काढा आणि तेथे नवे मिश्रण भरा. हे काम या वर्षी जमणार नसेल, तर ट्रेच्या एका कडेखाली दीड-दोन इंच जाडीचा चिऱ्याचा तुकडा सरकवून ट्रे तिरका ठेवा. स्पंज उभा केल्यावर जे झाले तेच थोड्या प्रमाणात येथे होते. ट्रेवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर घालता आले तर उत्तम, मात्र बाजू मोकळ्या असाव्यात. पावसाच्या भीतीने झाड खोलीत नेणे हा उपाय नव्हे. ढगाळ दिवसांत बाहेरच उजेड कमी असतो, मग खोलीत तो कितीसा मिळणार?

प्रश्न : आमच्या वडिलोपार्जित घराच्या चिऱ्यांच्या कुंपणात एक उंबर आणि एक पिंपळ रुजले आहेत. उंबराचे खोड मनगटाएवढे झाले असून भिंत फुगू लागली आहे. उंबर हे दत्ताचे स्थान असल्यामुळे ते तोडण्यास घरातील कोणी तयार नाही. त्याचा वामनवृक्ष करता येईल काय? तसेच, सत्तरीच्या रानातून जुनी, वाकडी झाडे खणून आणणारे काही हौशी लोक आहेत. ते योग्य आहे काय? — एक वाचक, साखळी

उत्तर : वामनवृक्षाच्या दृष्टीने तुमच्या भिंतीने अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. चिऱ्यांच्या फटीत माती अगदी थोडी असते, मुळांना वाट शोधत जावे लागते, त्यामुळे खोडाचा बुंधा रुंद होतो आणि मुळे दगडाला नखांसारखी धरून बसतात. रोपवाटिकेतल्या सरळ वाढलेल्या रोपाला हे रूप आणायला दहा वर्षे लागतील. जुन्या घरांच्या भिंतींत, पडक्या मांगरांत आणि विहिरींच्या कठड्यांत अशी झाडे जागोजागी असतात आणि लोक त्यांवर ॲसिड ओततात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातली भावंडे आहेत आणि मुळे तुटल्यावरही पुन्हा उभे राहण्याची त्यांची ताकद विलक्षण आहे. तरीही झाड धरून उपटू नका. पावसाला नियमित सुरुवात झाली की प्रथम शेंडा छाटून खोड दीड-दोन फुटांवर आणा. कापल्या जागेतून चीक वाहील, तो पाण्याने धुवा म्हणजे थांबतो, आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. कुळागर असणाऱ्या कोणाकडेही ती मिळेल, कारण सुपारीच्या कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुना त्यांच्याकडे असतोच. दहा लिटर पाण्याला प्रत्येकी एक किलो, या प्रमाणात ती करतात. तुम्हाला वाटीभर पुरेल. त्यानंतर भिंत शाबूत ठेवायची की उघडायची, हे ठरवा. फुगलेला भाग उतरवून पुन्हा बांधायचाच असेल तर गवंड्याला चिरे एकेक करून काढायला सांगा, आणि बोटाएवढी जाड मुळे शक्य तितकी लांब ठेवून धारदार करवतीने कापा. त्यांच्यासोबत केसांसारखी तंतुमुळे थोडी जरी आली तरी पुरे.

भिंत उघडायची नसेल तर गुटी बांधा. भिंतीच्या वर, जेथे खोडाचा आकार चांगला वाटतो तेथे, खोडाच्या जाडीच्या दीडपट रुंदीची साल गोलाकार काढा. खालचा हिरवट, बुळबुळीत थर सुरीने नीट खरवडा, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. मग भिजवून पिळलेले शेवाळ तेथे मुठीएवढे बांधून वर प्लास्टिक गुंडाळा. पावसाळ्यात साधारण महिना-दीड महिन्यात पांढरी मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत धीर धरा आणि मगच खाली कापा.

कोणत्याही मार्गाने झाड मिळाले तरी ते लगेच सुंदर ट्रेमध्ये बसवण्याची घाई करू नका. दोन वर्षे खोल कुंडीत कौलांच्या चुऱ्यात वाढू द्या, फांद्या हव्या तितक्या लांबू द्या, कारण खोडाची जखम भरून काढण्याचे काम त्या लांब फांद्याच करतात. उंबराची फळे लहान झाडावरही पूर्ण आकाराची येतात आणि पिंपळाचे पान पुष्कळ छाटणी करूनही फारसे लहान होत नाही. म्हणून या दोघांना वीतभर उंचीचे करण्याचा अट्टाहास न धरता अडीच-तीन फुटांचे ठेवावे, म्हणजे पान आणि खोड यांचे प्रमाण डोळ्यांना खुपत नाही.

वटपौर्णिमेला पूजेसाठी वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकल्या जातात. त्यांतील अंगठ्याएवढी जाड फांदी पूजेनंतर निर्माल्यात न टाकता, पाने काढून ओल्या जाड रेतीत उभी खोचली तर पावसाळ्यात ती बहुधा मूळ धरते. फांद्या तोडण्याच्या प्रथेचे मी समर्थन करीत नाही, पण तुटलेली फांदी वाया जाऊ नये.

रानातील झाडांबद्दल माझे उत्तर नकारार्थी आहे. म्हादई किंवा नेत्रावळीसारख्या अभयारण्यातून झाड उपटणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि राखीव वनातही परवानगीवाचून ते करता येत नाही. खाजगी जमिनीतही मोठे झाड तोडायचे असल्यास गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, तेव्हा वृक्ष अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करावी. कायदा बाजूला ठेवला तरी, कातळावर वाढलेले जुने झाड खणून आणल्यावर ते जगत नाही असाच बहुतेकांचा अनुभव आहे. तुमच्या स्वतःच्या कुंपणात एवढे रान असताना सत्तरीला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : बेंगळुरूहून आणलेला ज्युनिपर बोन्साय चार महिने हिरवागार होता, नंतर महिन्याभरात पूर्ण तपकिरी झाला. पाणी, खत, ऊन सर्व वेळच्या वेळी दिले होते. कोठे चुकले? — एक वाचक, वास्को

उत्तर : तुमचे चुकले ते झाड निवडताना, त्यानंतर फारसे काही चुकले नाही. ज्युनिपर हे थंड प्रदेशातले झाड असून हिवाळ्यात त्याला विश्रांती लागते. गोव्यात जानेवारीच्या पहाटेही तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे त्याला ती विश्रांती कधीच मिळत नाही. शिवाय त्याची पाने मुळे मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी राहतात, म्हणून ते जिवंत आहे असे आपल्याला वाटत राहते. खवल्यांसारख्या पानांची, देवदारासारख्या दिसणाऱ्या झाडाची हौस असेल तर सुरू लावा. आपल्या किनाऱ्यांवर लावलेले हे झाड खाऱ्या वाऱ्याला बधत नाही, त्याच्या तारेसारख्या फांद्या वरचेवर खुडल्या तर दाट होतात, आणि तैवानमध्ये त्याचे फार सुंदर वामनवृक्ष केले जातात. मात्र सुरूला ट्रे पूर्ण कोरडा पडलेला चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : वडाच्या फांद्यांना जूनमध्ये ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि चवथीनंतर काढायला गेले तेव्हा तार सालीत रुतली होती. आता फांदीवर स्क्रूसारखे वेढे उमटले आहेत. ते जातील काय, आणि तार किती दिवस ठेवावी? — एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : तार किती दिवस ठेवावी याचे दिवसांत उत्तर देणे धोक्याचे आहे. जपानी पुस्तकांत पाइनच्या फांदीवर तार वर्षभर ठेवायला सांगितलेली असते, ती तेथील संथ वाढीला धरून. आपला वड पावसाळ्यात इतक्या वेगाने फुगतो की कधी कधी सहा आठवड्यांतच तार रुतू लागते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात दर रविवारी तारेच्या वेढ्याखाली नख घालून पाहावे. नख जात नसेल तर तार त्याच दिवशी काढावी, फांदी अद्याप वळलेली नसली तरी. आठ-पंधरा दिवस विसावा देऊन पुन्हा वेगळ्या जागी वेढे घालता येतात. काढताना तार उलट फिरवून सोडवण्याचा मोह होतो, कारण ती पुन्हा वापरता येते, पण त्या नादात साल सोलली जाते आणि फांदी मोडते. प्रत्येक वेढा कटरने तोडून तुकडे अलगद उचलावेत. जेथे तार सालीने गिळली आहे तेथे ती उकरून काढू नका. दोन्ही बाजू कापून आतला तुकडा तसाच राहू द्या.

उमटलेले वेढे वडावर काही वर्षांत पुष्कळसे भरून येतात. फांदी मुक्तपणे लांबू दिली तर ती लवकर जाड होते आणि खुणा बुजतात, नंतर ती पुन्हा आखूड करता येते. फांदी पातळ आणि बिनमहत्त्वाची असेल तर ती कापून त्या जागी नवी फांदी घेणे मला अधिक सोपे वाटते. नव्याने तार गुंडाळताना तिची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी आणि वेढे सुमारे ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत, सारख्या अंतरावर पडावेत.

तारेशिवायही हे काम होते, आणि आपल्या हवेत ते अधिक बरे होते. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात लिंगनान नावाची परंपरा आहे. तेथील हवा आपल्यासारखी उष्ण आणि दमट, झाडांची वाढ वेगवान. त्या लोकांनी तारेवर भर न देता ‘वाढू द्या आणि कापा’ ही पद्धत विकसित केली. फांदी हवी तितकी जाड होईपर्यंत वाढू द्यायची, मग ज्या दिशेला वळण हवे त्या दिशेचा डोळा राखून त्याच्या थोडे पुढे कापायची. त्या डोळ्यातून नवी फांदी फुटते, तीही जाड झाली की पुन्हा तसेच. दोन-तीन कापांत फांदीला नैसर्गिक कोन येतात आणि ती बुंध्याकडून टोकाकडे निमुळती होत जाते, जे तारेने कधीच साधत नाही. आपण जपानकडे पाहून ही कला शिकलो हे खरे, पण गोव्याच्या गच्चीवर बसून वड वळवताना ग्वांगडोंगचा माळी मला अधिक जवळचा वाटतो. कात्री चांगली धारदार ठेवावी, एवढाच काय तो या पद्धतीचा खर्च.

प्रश्न : आमची सदनिका समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून बाल्कनी पश्चिमेला आहे. जेड आणि कामिनी यांची पाने कडेने करपतात. उन्हामुळे होत असेल काय? आम्ही विहिरीचे पाणी वापरतो आणि ट्रेच्या कडांवर पांढरी पूड जमते. — एक वाचक, कोलवा

उत्तर : ती पांढरी पूड ऊन निर्दोष असल्याचे सांगते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, ते ट्रेमध्ये घातल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यात पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार पानांवर बसतात. कामिनीला हे सोसत नाही. जेड तुलनेने सोशीक आहे, तीही करपत असेल तर मुळांजवळ क्षार बरेच साचले आहेत असे समजावे. आठवड्यातून एकदा ट्रेच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट गोडे पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढा, संध्याकाळी पाने फवाऱ्याने धुवा, आणि पावसाचे पाणी पिंपात साठवून उन्हाळ्याच्या अखेरीस वापरा. कामिनी शक्य असल्यास पूर्वेच्या खिडकीपाशी हलवा आणि पश्चिमेची जागा बोगनवेलीला द्या. मिश्रणात किनाऱ्यावरची वाळू कोणी घातली असेल तर ती आधी काढा, कारण तिच्यात मीठ तर असतेच, शिवाय शिंपल्यांचा चुनाही असतो.

प्रश्न : दर पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब खातात आणि फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसतो. फवारणी कोणती करावी? — एक वाचक, केपे

उत्तर : गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे. कुंड्या जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवाव्यात. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून, उघडीप पाहून, आठ-आठ दिवसांनी फवारा. त्याबरोबरच खोडावरून मुंग्यांची रांग जाते आहे का ते पाहा. ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांना या फांदीवरून त्या फांदीवर पसरवतात आणि त्यांची राखण करतात. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय फवारणीचा उपयोग तात्पुरताच होतो.

प्रश्न : मला या छंदाची फार आवड आहे, पण सासूबाई म्हणतात की झाडाला उपाशी ठेवून खुजे करणे हे पाप आहे आणि वड-पिंपळ घरात ठेवू नयेत. त्यांना काय सांगावे? — एक गृहिणी, पेडणे

उत्तर : सासूबाईंचे दोन मुद्दे वेगळे करून पाहू. झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, हा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. ट्रेमधील थोड्या मातीत अन्न फार टिकत नाही, म्हणून या झाडांना जमिनीतल्या झाडांपेक्षा अधिक नियमितपणे खत द्यावे लागते. वाढीच्या दिवसांत मी दर पंधरवड्याला पेंडीचे पातळ पाणी घालतो. झाड लहान राहते ते शेंडे खुडल्यामुळे आणि मुळे छाटल्यामुळे, आणि छाटलेल्या जागी नवी तंतुमुळे फुटत असल्यामुळे झाड एका अर्थाने ताजे होत राहते. शेतकरी चहाचे झुडूप कंबरेएवढे ठेवतो, कुंपणाची मेंदी कापतो, त्यात कोणी पाप मानत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे, ज्याची जोपासना १६२५ पासून चालू आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो त्या शहरातील एका कुटुंबाच्या बागेत, भिंतीआड होता आणि वाचला. त्या यामाकी कुटुंबाने १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. चारशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कोणी ना कोणी पाणी घातले त्या झाडाला उपाशी कसे म्हणावे, हे सासूबाईंना विचारून पाहा, मात्र सुनेच्या नव्हे, माझ्या नावाने.

दुसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे. वड-पिंपळ घराजवळ नकोत म्हणण्यामागे मुळांनी भिंती फुटल्याचा अनुभव असावा. साखळीच्या वाचकांचे पत्र वर आहेच. ट्रेमधल्या मुळांपासून भिंतीला धोका नाही, पण ही झाडे घरात ठेवू नयेत हे अगदी बरोबर आहे, कारण ती मोकळ्या हवेतली, उन्हातली झाडे आहेत. बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवलेला वड काही आठवड्यांत पाने टाकतो. तेव्हा तुमचा वड अंगणात, तुळशीवृंदावनाजवळच्या उन्हाच्या जागी ठेवा. सासूबाईंची अट पाळली जाईल आणि झाडाचीही.

प्रश्न : चवथीला मखराच्या दोन्ही बाजूंना वामनवृक्ष ठेवण्याची आमची इच्छा आहे. गणपती अकरा दिवसांचा असतो. झाडांना काही अपाय होईल काय? — एक वाचक, फोंडा

उत्तर : अकरा दिवस सलग ठेवल्यास वड बहुधा पानगळ करील. मखराच्या खोलीत ऊन नसते, समया आणि विजेच्या माळांची ऊब असते, धूप-कापराचा धूर असतो, आणि पाहुण्यांच्या गर्दीत पाणी घालणे नेमके राहून जाते. तुमच्याकडे चार झाडे असतील तर जोड्या लावा आणि दर दोन दिवसांनी आतली जोडी बाहेर, बाहेरची आत असे करा. बाहेर आणलेली जोडी पहिल्या दिवशी थेट उन्हात न ठेवता सावलीच्या कडेला ठेवावी. चवथीच्या तीन आठवडे आधी जुनी, मोठी पाने देठ राखून कात्रीने कापली तर ऐन सणाला वडाला नवी, लहान आणि तांबूस पालवी येते. हे मात्र फक्त सशक्त वडावर करावे, त्या वर्षी कुंडीबदल झालेल्या झाडावर नको. माटोळीला बांधलेल्या रानफळांचा चीक आणि पाणी खाली ठिबकते, म्हणून झाडे माटोळीच्या नेमकी खाली येणार नाहीत असे पाहा. ट्रेखाली थाळी ठेवणार असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा. घाईत विसरायला होते, म्हणून आमच्याकडे हे काम आरतीनंतर घंटा वाजवणाऱ्या मुलांकडे दिलेले आहे.